डब्यावरचे पाच हजार वॅट

आमच्या गल्लीतून एखादी साउंडवाली गाडी गेली की माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या बरण्या किणकिणतात. गाणं कळत नाही, शब्द कळत नाहीत, नुसतं धम्म धम्म. रिटायर झाल्यावर दुपारी घटकाभर डोळा लागावा एवढीच माझी अपेक्षा होती. तीसुद्धा या गाववाल्यांच्या डोळ्यांत खुपली. मी तणतणत खिडकीशी जायची. गाडीच्या मागच्या काचेवर हमखास एक पिवळं स्टिकर दिसायचं, ‘चंदन कार साउंड, शनवारा रोड, बऱ्हाणपूर’. ते वाचलं की घरात एकटी असले तरी मी मोठ्यानं म्हणायची, "बारावी नापास! दुसरं काय करणार?"

हा चंदन माझा विद्यार्थी. मी तसं कधी कबूल करत नव्हते, ती गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं मी इथल्या शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. माझ्या हाताखालून डॉक्टर गेले, इंजिनियर गेले, एक जण तर थेट परदेशात जाऊन बसला आणि आईच्या आजारपणालाही आला नाही. त्याचंही नाव मी चारचौघांत कौतुकानं घेते. चंदनचं नाव निघालं की मात्र विषय बदलायची. आमची शाळा हिंदी माध्यमाची, आमच्या घरातली भाषा मराठी, आणि निंबोल्याकडून सायकली मारत येणाऱ्या या पोरांची बोली तिसरीच. चंदन त्यांतलाच. केळीच्या चिकाचे डाग पडलेला शर्ट, खिशात कायम एखादा स्क्रू नाहीतर वायरीचा तुकडा, आणि तोंडाला कुलूप. प्रश्न विचारला की उभा राहायचा, आणि उभाच राहायचा. मला असल्या मुलांचा मनस्वी तिटकारा होता. ज्याला येतं तो बोलतो, जो बोलत नाही त्याला येत नाही, असं माझं सरळ मत होतं, आणि त्या मतावर मी एकतीस वर्षं मार्क दिले.

बारावीच्या प्रॅक्टिकलला त्याच्या वाट्याला रेझिस्टन्सची जोडणी आली होती. आधी दोन रेझिस्टन्स एकापुढे एक जोडायचे, मग शेजारी-शेजारी जोडायचे, आणि दोन्ही वेळा मोजमाप घ्यायचं. इतर मुलं वायरींत गुरफटून रडकुंडीला आली होती. यानं पाच मिनिटांत जोडून दिलं आणि मीटरचा काटा जिथं यायचा तिथं आला. मग खंडव्याहून आलेल्या परीक्षकांसमोर मी त्याला विचारलं, "ओम का नियम बताओ." चंदन गप्प. "बोल, मी थांबलेय," मी म्हटलं. थांबले किती, तर परीक्षकांचा चहा येईपर्यंत. चहा आला आणि त्याच्या नावापुढे आकडा टाकून मी मोकळी झाले. तेवढ्यानं तो प्रॅक्टिकलला नापास झाला. त्याचे वडील, कडूभाऊ, शाळेत येऊन हात जोडून गेले. मी त्यांना नियम दाखवला. पोरगा वर्षभर केळीच्या बागेत राबला, मग इंदूरला गाड्या सजवण्याच्या एका दुकानात गेला, आणि सात वर्षांनी परत येऊन त्यानं शनवारा रोडवर हे दुकान टाकलं. माझ्या दुपारच्या झोपेवर सूड उगवायलाच टाकलंय, अशी माझी समजूत होती.

त्या दुकानाची पायरी मी चढले ती माझ्या भाच्यामुळे. रोहित, माझ्या धाकट्या भावाचा, दत्तात्रयचा, मुलगा. इंजिनियर आहे. कसला इंजिनियर, असं विचारलं की तो म्हणतो, "आत्या, वो कॉम्प्लिकेटेड है." जसोंडीच्या भाईदासांच्या स्नेहलशी त्याचं लग्न ठरलं होतं. भाईदास केळीचे मोठे व्यापारी. त्यांच्या अकरा पिकअप रोज केळी भरून मंडीत येतात आणि अकराही वाजत येतात. जावयाची गाडी सासऱ्याच्या पिकअपपेक्षा हळू वाजली तर नाक कापलं जाईल, असं रोहितच्या डोक्यानं घेतलं. म्हणून त्यानं इंटरनेटवरून एक अँप्लिफायर मागवला. डब्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ५००० वॅट.

दत्तूनं तो डबा बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी मांडून ठेवला. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यालाही तो दाखवायचा, आणि न्यायला आलेल्यालाही. त्यात काय आहे ते घरात कुणालाच माहीत नव्हतं, पण पाच हजार हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. पोराच्या बारावीच्या मार्कांचं दत्तूनं एवढं कौतुक केलं नव्हतं, कारण तेवढे मार्कच नव्हते.

आता या अँपला साजेसा वूफर, म्हणजे ते धम्म धम्म करणारा स्पीकर, घ्यायचा होता. रोहितचं ठरलेलं होतं. "पाच हजारचा अँप आहे तो वूफर भी पाच हजारचा. सिंपल है, आत्या." चंदन त्याला बनवणार याची मला खात्री होती, म्हणून मी सोबत गेले.

दुकान म्हणजे एक शटर, पुढे रस्त्यावर डिकी उघडून उभी असलेली एखादी गाडी, आणि आत लाकडाच्या भुशाचा वास. वूफरची खोकी तो स्वतःच जाड बोर्ड कापून बनवतो. मला पाहताच चंदननं करवत खाली ठेवली. चाळिशीला टेकलेला माणूस, पण शर्टाच्या खिशात अजूनही स्क्रू. "नमस्ते मॅडम," तो म्हणाला आणि त्यानं फडक्यानं खुर्ची पुसली. त्याची बायको प्रतिभा मागे बसून वायरींवर पट्टी गुंडाळत होती. तिला त्यानं सांगितलं, "ह्या माह्या फिजिक्सच्या मॅडम." ती उठून माझ्या पाया पडली. मला ते सगळं प्रकरण भारी वाटलं, म्हणजे नकोसं.

रोहितनं डबा काउंटरवर आपटला. "पाच हजार वॅट. इसके बराबर का वूफर दिखाओ."

चंदननं डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अँप बाहेर काढला, बाजूनं फिरवला आणि त्यात खोचलेल्या फ्यूजवर बोट ठेवलं. तीस-तीसचे दोन फ्यूज होते. "साठ अँपियर," तो म्हणाला. "ब्याटरी बाराची. बारा गुणिले साठ." आणि पुढचं उत्तर मी द्यावं म्हणून माझ्याकडे बघत थांबला.

सातशेवीस. आकडा माझ्या डोक्यात आला आणि कानशिलं तापली. व्होल्ट गुणिले अँपियर म्हणजे वॅट, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. पण फ्यूज पाहून डब्यावरचं खोटं पकडता येतं, हे मला बापजन्मात सुचलं नव्हतं.

"सातशेवीसच्या वर आत काही जाऊच शकत नाही," शेवटी त्यानंच सांगितलं. "गेलं तं फ्यूज उडतो. त्यातलंबी काही गरम होण्यात जातं. बाहेर पाचशे येतीन. डब्ब्यावर कुछ भी लिहतात, भाऊ. फ्यूज झूठ नाही बोलत."

रोहितचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चंदननं डब्याच्या तळाशी पडलेला कागद काढला. इंजिनियरसाहेबांनी तो उघडलाही नव्हता. कागदावर बारीक अक्षरात खरं ते लिहिलेलं होतं. वूफरचा विरोध चार ओम असेल तर अँप तीनशे वॅट देणार, दोन ओम असेल तर पाचशे. त्याखाली काहीच नाही. "विरोध कमी केला की अँप जास्त ओढतो," चंदन म्हणाला. "पण दोनच्या खाली याले नेऊ नका. मरून जाईन."

फळीवर वूफर लावलेले होते. रोहितचा हात आपोआप लाल दिव्यांच्या पंधरा इंचीकडे गेला, त्यावर तीन हजार लिहिलं होतं. चंदननं एक साधा, काळा, बारा इंची काढला. "तो आकडा एका झटक्याचा," तो म्हणाला. "याचा रोजचा. रोज पाचशे खाईन आन् पचवीन. तुमच्या अँपले हाच बरोबर." त्या वूफरला दोन कॉइल होत्या, चार-चार ओमच्या. त्या शेजारी-शेजारी जोडल्या की दोन ओम होतात, म्हणजे अँपला हवे तेवढेच. डब्यावर चार लिहिलेलं असूनही त्यानं मीटर लावून दोन्ही कॉइल मोजल्या. मग टॉर्चचा एक सेल वूफरच्या टोकांना टेकवला आणि पडदा बाहेर येतो की आत जातो ते पाहिलं. बोर्डावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. हे सगळं गिऱ्हाइकावर छाप पाडायला चाललंय, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर माझ्यावर पडली होती, आणि त्याचाच मला राग आला होता.

"एकच, बस," चंदन म्हणाला.

गाडीत बसल्यावर रोहित म्हणाला, "एकच? लोग क्या बोलेंगे?"

लोक नाही, भाईदास बोलले. त्यांच्या घराण्यात लग्नात एकटी वस्तू देत नाहीत. एकटं द्यायचं म्हणजे पोरीला एकटं पाडायचं, अशी त्यांची समजूत. मोठ्या मुलीच्या लग्नात त्यांनी दोन कूलर दिले होते. जावयाच्या घराला खिडकी एक. एक कूलर आजही अंगणात ज्वारी ठेवायला वापरतात. तर जावयाच्या गाडीत एकटा वूफर पाहून भाईदासांना घाम फुटला. त्यांनी लगोलग चंदनला गाठून तसाच दुसरा घेतला आणि बजावलं, "दोन्ही वाजले पायजेत. एक वाजीन आन् एक पाहीन, असं चालणार नाही."

बँडही त्यांनी रद्द केला. जावयाची गाडी वाजणार असताना बँड कशाला? आणि चंदनला त्यांनी शब्द दिला, लग्नात साउंड जमला तर अकराही पिकअपचं काम त्याचं, शिवाय मंडीतल्या व्यापाऱ्यांशी ते स्वतः मांडवात त्याची ओळख करून देतील. भाईदासांचा शब्द मंडीत चालतो. त्यांनी ज्याला चांगलं म्हटलं त्याच्याकडे लोक रांग लावतात, आणि ज्याच्यावर थुंकले त्याच्याकडे कुत्रं फिरकत नाही. दुकानाशेजारचं शटर रिकामं होतं, मालकानं आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, लग्नसराई संपेपर्यंत चंदनसाठी अडवून ठेवलं होतं. हे सगळं मला प्रतिभानं सांगितलं, मी न विचारता. तिला वाटलं, मॅडमला आनंद होईल.

चंदननं दोन वूफरची जोडणी विचार करून केली. प्रत्येकाच्या दोन कॉइल शेजारी-शेजारी, म्हणजे दोन-दोन ओम. आणि मग दोन्ही वूफर एकापुढे एक. दोन आणि दोन, चार ओम. "अँप तोच हाय," त्यानं रोहितला सांगितलं. "दोन घेतले म्हणून आवाज डबल नाही होत. पण दोन्ही वाजतीन, दिवसभर वाजतीन, आन् कोणाचं काही जळणार नाही." मग त्यानं मागच्या काचेवर पिवळं स्टिकर लावलं आणि हातानं दाबून कोपरे बसवले.

लग्नाच्या चार दिवस आधी रोहित माझ्याकडे तणतणत आला. "आत्या, धमकच नाही! उसने सीरिज में लगाया है. पॅरलल केलं तर?"

आता मला कुणी सीरिज-पॅरलल विचारलं की माझ्या अंगात येतं. रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती, तीन वर्षांत मला कुणी भाजीच्या भावापलीकडे काही विचारलं नव्हतं. समोर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातली एक उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मी सुबक आकृती काढली. चारही कॉइल शेजारी-शेजारी. विरोध चार ओमवरून एक ओमवर. व्होल्ट तेवढेच, विरोध चौथाई, म्हणजे वॅट चौपट. खाली दुहेरी रेघ मारली, फळ्यावर मारायची तशी.

"पण तो म्हणाला होता, दोनच्या खाली नको," रोहित म्हणाला.

मला तो कागद आठवत होता. आठवला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दोन ओमच्या खाली रिकामी जागा, आणि चंदनचं बोट. पण माझ्या फळ्यावरच्या बॅटरीनं एकतीस वर्षांत कधी दम तोडला नव्हता. मी म्हटलं, "त्याला भीती वाटते. वायव्हातसुद्धा वाटायची. बारावी नापास मुलाकडून तू फिजिक्स शिकणार आहेस का?"

"पक्का ना, आत्या?"

"त्याला मी शिकवलंय."

अंगणात गाडी उभी करून रोहितनं स्क्रू फिरवले, मी पत्रिकेवरून कोणती वायर कुठे ते सांगत होते. मग त्यानं थोडकाच आवाज लावला आणि गाडी अशी काही दणाणली की माझ्या फळीवरच्या बरण्या किणकिणल्या. माझ्याच घरातल्या, माझ्याच बरण्या. आणि मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. चंदनला कळवायला हवं, असं ना रोहितच्या मनात आलं ना माझ्या. पत्रिका रोहितनं वूफरच्या खोक्याखाली सरकवून ठेवली, पुन्हा लागली तर असावी म्हणून.

जसोंडीत लग्न भर दुपारचं होतं. ऊन असं की गाडीचं दार उघडायला रुमाल लागत होता. नवरदेव मारुतीच्या पाया पडून आला, फेट्यासकट पुढच्या सीटवर बसला आणि मिरवणूक मांडवाकडे निघाली. चंदन आला होता, नवा आकाशी शर्ट घालून. या शर्टाच्या खिशात तरी स्क्रू नसेल म्हणून मी पाहिलं, तर होता. भाईदासांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि तीन व्यापाऱ्यांसमोर उभं केलं. "हा आपला चंदन. ऐका आता."

रोहितनं आवाज पूर्ण सोडला. धम्म झालं. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडा थरथरल्या, म्हाताऱ्यांनी कान धरले, भाईदासांच्या चेहऱ्यावर धन्यता पसरली. चंदन मात्र हसला नाही. त्यानं मान एका बाजूला केली आणि गाडीच्या दिशेनं दोन पावलं टाकली. आपण लावला त्यापेक्षा हा आवाज वेगळा आहे, हे त्याला तेवढ्यातच कळलं असावं. तो गाडीपर्यंत पोचायच्या आत आवाज बंद पडला.

रोहितच्या मित्रानं बंद करून चालू केलं. दोन धम्म, पुन्हा बंद. अँपवर लाल दिवा. चंदन हात करून ओरडत होता, "नका लावू! थंडा होऊ द्या!" पण फेटेवाल्यांच्या गर्दीत त्याचं ऐकतो कोण? तिसऱ्यांदा लावलं आणि डिकीतून जळका वास आला, मागोमाग धुराची बारीक रेघ. "गाडी पेटली, गाडी पेटली," असा ओरडा झाला. कुणीतरी नवरदेवाला बाहेर ओढला. पेटलं-बिटलं काही नाही, अँप मेला होता. पण बँड रद्द केलेला. तेव्हा अडीचशे माणसांची मिरवणूक तिथून मांडवापर्यंत मुकाट चालत गेली, चपलांचा फरफर आवाज करत. मयताला सुद्धा आमच्याकडे एवढी शांतता नसते. बाजूच्या ओट्यावरून कुणी तरी खदखदून हसलं.

नवरदेवाला मांडवात पोचवून भाईदास परत गाडीपाशी आले. मागे ते तीन व्यापारी, रोहितचा मित्र, दत्तू, आणि मी. रोहितही फेटा सावरत मागून आला होता. "काय लावलं रे तू हे?" भाईदासांनी चंदनला विचारलं. त्यांचा आवाज वर चढला नव्हता, पण चेहरा काळानिळा पडला होता.

चंदन डिकीत वाकला. वायरीवर बोट ठेवून तो एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि मधेच थांबला. मग खोक्याखालून त्यानं पत्रिका ओढली. उलटी केली. माझी आकृती, माझं अक्षर, खाली माझी दुहेरी रेघ. ते अक्षर तो ओळखत होता. दोन वर्षं त्याच्या वहीत लाल शाईनं मीच लिहीत होते. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, पत्रिकेची घडी घातली आणि स्क्रूच्या खिशात ठेवली.

"मॅडम," भाईदास माझ्याकडे वळले, "तुमी फिजिक्सवाल्या. तुमीच सांगा, काय झालं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चंदनही. चार शब्द होते, ‘वायरी आम्ही बदलल्या होत्या’. त्याचं अकरा पिकअपचं काम, शेजारचं शटर, मंडीतलं नाव, सगळं त्या चार शब्दांवर अडलं होतं, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. रोहित स्वतःच्या मोजडीकडे बघत होता. दत्तू माझ्याकडे. मी नवरदेवाची आत्या, रिटायर मॅडम, डोक्यावर पदर, अंगावर पैठणी, आणि सगळ्या जसोंडीनं माझं उत्तर ऐकायला कान टवकारलेले.

मी म्हटलं, "एखादी वायर ढिली राहिली असेल."

"ऐकलं?" भाईदास चंदनला म्हणाले. "मॅडम सांगतात."

चंदन उभा राहिला. तस्साच, पूर्वी राहायचा तसा. मला वाटलं आता तो खिशात हात घालणार. खिशाला हातही न लावता तो म्हणाला, "मॅडम म्हणतात तसं असंल."

भाईदासांनी गाडीच्या किल्लीनं मागच्या काचेवरचं पिवळं स्टिकर खरवडून काढलं. पूर्ण निघालं नाही तेव्हा नखानं काढलं. ते तीन व्यापारी सावलीत निघून गेले. चंदन आणि प्रतिभा जेवायला थांबले नाहीत. एकाला न बोलल्याबद्दल मी नापास केलं होतं. मी तोंडभरून खोटं बोलले, तर मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि पानात गोडाचा दराबा दोनदा वाढला. मी तो खाल्ला.

दहाएक दिवस मी घरातच होते. गल्लीतून गाड्या जात होत्या, बरण्या किणकिणत होत्या, पण खिडकीशी जायची माझी हिंमत होत नव्हती. मग एका सकाळी रोहितकडून कळलं, जळलेला अँप त्यानं दुरुस्तीला चंदनकडेच टाकला होता. "उसकी जिम्मेदारी बनती है ना, आत्या," तो म्हणाला. मी त्याला काय बोलणार? त्याला मीच शिकवलं होतं.

मी शनवारा रोडला गेले. शेजारच्या शटरवर मोबाईलच्या कव्हरचं दुकान लागलं होतं. भाईदासांची एक पिकअप माझ्या डोळ्यांदेखत चंदनच्या दुकानासमोरून गेली, तिच्या काचेवर दुसऱ्याच कुणाचं हिरवं स्टिकर होतं. प्रतिभा वायरींना पट्टी गुंडाळत होती; या वेळी ती उठली नाही. चंदन उठला.

"नमस्ते मॅडम." त्यानं फडक्यानं खुर्ची पुसली.

मी घरून वाक्यं ठरवून आले होते. त्यांतलं पहिलं तोंडात येण्याआधी त्यानं ड्रॉवर उघडला आणि पत्रिका माझ्या हातात दिली. "तुमची वस्तू, मॅडम."

मी ती उलटी केली. कुठेतरी एखादी फुली असेल, आकड्यावर काट मारलेली असेल, असं मला वाटलं होतं. खरं तर तसं असतं तर बरं झालं असतं. काही नव्हतं. घडीची खूण आणि एका कोपऱ्याला ऑइलचं बोट.

मला त्याचाच राग आला. "हे हातात होतं तर तिथंच का नाही दाखवलंस?" मी म्हटलं. "सगळ्यांसमोर काढायचं होतंस! गप्प का राहिलास?"

चंदन गप्प. या वेळी मी थांबले. कुठला चहा येणार नव्हता.

"तुमी बोलाल म्हणून मी थांबलो होतो, मॅडम," तो म्हणाला, आणि खिशातून एक स्क्रू काढून बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत वाकला.